जन्माआधीची वाढ आणि संप्रेरके : प्रस्तावना

माणसाचे फलित बीजांड मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित मोठे असते आणि त्याचे वजन एका ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाच्या आसपास भरते. ३८ आठवड्यांनी जन्मणारे बाळ सुमारे तीन किलोचे असते. म्हणजे एवढ्या अवधीत वजन साधारण तीनशे कोटी पटींनी वाढलेले असते. जन्मानंतर अठरा-वीस वर्षांत तेच वजन जेमतेम वीस पटींनी वाढते. वाढ म्हटले की बालपण डोळ्यांपुढे येते, पण तिचा फार मोठा भाग आईच्या पोटातच उरकलेला असतो. ही वाढ कोण घडवते, तिला आवर कोण घालते आणि जन्माची वेळ आली हे कोण ठरवते, हा या विषयाचा गाभा आहे.

सस्तन प्राण्यांमध्ये या वाढीच्या तऱ्हा फार वेगवेगळ्या आहेत. तांबड्या कांगारूची मादी ३३ दिवसांनी विते आणि तिचे पिलू एका ग्रॅमचेही नसते. पुढची सगळी वाढ पोटावरच्या पिशवीत, दुधावर होते. हत्तीण सुमारे बावीस महिने गाभण राहते आणि तिचे पिलू शंभर किलोच्या घरात जन्मते. उंदराची पिले विसाव्या दिवसाच्या सुमारास उघड्या अंगाची आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात, तर गिनीपिगची पिले नऊ-दहा आठवड्यांनी अंगभर केस घेऊन येतात आणि काही तासांत धावू लागतात. कोणत्या प्राण्याने किती वाढून जन्मावे याचा आराखडा त्या त्या जातीच्या जनुकांत असतो. मात्र तो आराखडा कितपत पुरा होईल हे एकट्या गर्भाच्या हाती नसते.

केंब्रिजमध्ये आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हे स्पष्ट झाले. त्यांनी शायर जातीचे अवाढव्य घोडे आणि शेटलंड जातीची ठेंगणी तट्टे यांचा संकर दोन्ही बाजूंनी घडवला. दोन्ही प्रकारच्या शिंगरांमध्ये जनुकांचा वारसा निम्मा-निम्मा होता. तरीही शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे निघाले. आईचा आकार, तिचे गर्भाशय आणि त्यातून होणारा पुरवठा यांनी गर्भाच्या वाढीची मर्यादा आखली होती. आराखडा जनुकांचा आणि साधने आईची, असा हा मामला आहे. या दोहोंची सांगड घालण्याचे काम संप्रेरके करतात. जन्मानंतर काही संप्रेरके शरीराला ‘वाढ’ असा हुकूम देतात. जन्माआधीच्या संप्रेरकांचे मुख्य काम वेगळे आहे : किती अन्न येत आहे याची खबर पेशींना देणे आणि त्या मानाने वाढ वेगात किंवा संथ ठेवणे. या एका सूत्रातून पुढची बहुतेक माहिती उलगडते.

एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत निरोप नेणारे रसायन म्हणजे संप्रेरक. अशा रसायनांना ‘हॉर्मोन’ हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिकाने १९०५ मध्ये दिले. संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, पण ज्या पेशींवर त्याला धरून घेणारे ग्राही रेणू असतात त्याच पेशी त्याचे ऐकतात. म्हणून संप्रेरक किती आहे याच्या इतकेच ते ऐकणारे कोण आणि किती आहेत हे महत्त्वाचे ठरते. गर्भाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत असते. तिथे संप्रेरकांची उगमस्थाने तीन असतात : आईच्या ग्रंथी, गर्भाच्या स्वतःच्या ग्रंथी आणि या दोघांच्या मध्ये बसलेली वार.

वारेतून काय पलीकडे जाते आणि काय अडते हे समजल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. ग्लुकोज, अमिनो आम्ले, मेदाम्ले, प्राणवायू आणि क्षार आईकडून गर्भाकडे जातात. प्रथिनांपासून बनलेली मोठी संप्रेरके, म्हणजे इन्शुलिन, वाढ संप्रेरक, अवटू ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक, ही जवळजवळ जातच नाहीत. थायरॉक्सिन आणि कॉर्टिसॉल यांच्यासारखे लहान रेणू पलीकडे जाऊ शकतात, पण त्यांचा बराचसा भाग वारेतील विकरे वाटेतच निकामी करतात. परिणामी गर्भाला आईचे अन्न मिळते आणि तिचे हुकूम मात्र गाळून मिळतात. वाढीसाठी लागणारे बहुतेक निरोप त्याला स्वतःच तयार करावे लागतात.

वार ही स्वतः एक मोठी अंतःस्रावी ग्रंथी आहे. माणसात दिवस भरेपर्यंत तिचे वजन सुमारे अर्धा किलो होते. सुरुवातीच्या आठवड्यांत भावी वारेच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. गर्भारपणाच्या घरगुती चाचणीत लघवीत सापडते ते हेच. ते अंडाशयातल्या पीतपिंडाला टिकवून धरते आणि पीतपिंड प्रोजेस्टेरॉन पुरवून गर्भाशय शांत ठेवतो. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनची जबाबदारी वार स्वतःकडे घेते. हा जबाबदारीचा बदल प्रत्येक प्राण्यात सारखा नसतो. सुमारे १४७ दिवस गाभण राहणाऱ्या मेंढीत तो पन्नासाव्या दिवसाच्या आसपास होतो, तर शेळीत तो होतच नाही. शेळीचे गाभणपण शेवटपर्यंत पीतपिंडावर अवलंबून असते. रानात एकत्र चरणाऱ्या या दोन प्राण्यांतही इतका फरक आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वारेची दुसरी कामगिरी आईच्या चयापचयावर चालते. मानवी वार दुग्धजनक संप्रेरक आणि वाढ संप्रेरकाचा आपला एक खास प्रकार तयार करते. दिवस भरत आल्यावर दुग्धजनक संप्रेरकाचे उत्पादन दिवसाला एका ग्रॅमच्या आसपास पोहोचते, आणि संप्रेरकांच्या हिशेबात हे प्रमाण प्रचंड आहे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईच्या पोष ग्रंथीतले वाढ संप्रेरक मागे पडते आणि वारेचे संप्रेरक त्याची जागा घेते. या सर्वांमुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीइतक्या दाद देत नाहीत. जेवणानंतर तिच्या रक्तात साखर जास्त वेळ टिकते, ती स्वतः मेदावर अधिक भागवते आणि वाचलेले ग्लुकोज गर्भाच्या वाट्याला येते. निरोगी आईचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून हा ताण पेलते. ज्या आईला ते जमत नाही तिला गर्भारपणातला मधुमेह होतो.

आता गर्भाच्या स्वतःच्या संप्रेरकांकडे वळता येते. पहिला विचार अर्थातच पोष ग्रंथीच्या वाढ संप्रेरकाचा येतो, कारण बालपणी उंची वाढवण्याचे श्रेय त्याचे आहे. पण जन्माआधी त्याचा अधिकार फारसा चालत नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेद जोस्त यांनी १९४०च्या दशकात सशाच्या गर्भांचे शिर, आणि त्याबरोबर पोष ग्रंथी, गर्भाशयातच काढून टाकली. तरीही उरलेल्या शरीराची वाढ बव्हंशी चालूच राहिली. माणसातला पुरावा इस्राएलमधील झ्वी लारोन यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या विकारातून मिळतो. या विकारात वाढ संप्रेरक भरपूर असते, पण त्याचे ग्राही सदोष असल्याने शरीर त्याला जुमानत नाही. अशा व्यक्तींची प्रौढपणीची उंची सव्वा मीटरच्या आसपास राहते. जन्मतः मात्र त्यांचे वजन जवळजवळ इतर बाळांसारखेच असते. गर्भाच्या रक्तात वाढ संप्रेरकाची पातळी खरे तर उंच असते. त्याच्या यकृतावर ग्राही फार थोडे असल्याने तो निरोप ऐकणारे कोणी नसते. जन्माच्या सुमारास हे ग्राही वाढू लागतात आणि तेव्हा कुठे वाढ संप्रेरकाचा अंमल सुरू होतो.

जन्माआधीच्या वाढीची सूत्रे ज्यांच्याकडे आहेत ते दोन रेणू म्हणजे इन्शुलिनसदृश वृद्धिघटक १ आणि २. त्यांची रचना इन्शुलिनच्या जवळची आहे आणि गर्भाच्या बहुतेक सर्व ऊती त्यांची निर्मिती करतात. ते रक्तातून फिरतात, शिवाय जिथे तयार होतात तिथल्या शेजारच्या पेशींवरही काम करतात. त्यांचे महत्त्व १९९० ते १९९३ या काळात उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून पुढे आले. अर्जिरिस एफस्ट्रेटियाडिस आणि त्यांचे सहकारी या कामात आघाडीवर होते. घटक २चे जनुक निकामी केलेली पिले नेहमीच्या साठ टक्के वजनाची जन्मली. घटक १चे जनुक काढल्यावरही वजन साठ टक्क्यांच्या आसपासच उतरले. दोन्ही निरोप ज्या ग्राहीवर पोहोचतात तो ग्राही काढला तेव्हा वजन ४५ टक्क्यांवर आले आणि पिले जन्मताच दगावली. दोन्ही घटक एकदम काढले तेव्हा ते तीस टक्क्यांवर गेले. घटक २ गर्भारपणात आधीपासूनच काम करतो, घटक १चा प्रभाव नंतर दिसू लागतो. माणसातही घटक १चे जनुक सदोष असलेली मोजकी बाळे आढळली आहेत, आणि पूर्ण दिवसांची असूनही ती अतिशय लहान जन्मली.

या प्रयोगांतून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. घटक २च्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. दोष वडिलांच्या प्रतीत असला तर पिलू लहान जन्मते, आईच्या प्रतीत असला तर काहीच बिघडत नाही. याचा अर्थ गर्भात वडिलांची प्रत चालते आणि आईची प्रत मुकी असते. याला जनुकाचे अंकन म्हणतात. उंदरात याच्या उलट प्रकारही आढळतो. घटक २ला धरून नष्ट करणारा एक वेगळा ग्राही आहे आणि त्याची केवळ आईची प्रत चालते. तो काढला तर नष्ट न झालेला घटक २ साचतो आणि पिले नेहमीपेक्षा सव्वा ते दीड पट वजनाची होतात. म्हणजे वडिलांकडून आलेले जनुक वाढ पुढे ढकलते, तर आईकडून आलेले जनुक तिला लगाम घालते.

डेव्हिड हेग यांनी १९९०च्या सुमारास याचे उत्क्रांतीच्या अंगाने स्पष्टीकरण मांडले. आईला आपली शक्ती आजच्या आणि पुढच्या सर्व पिलांत वाटायची असते. वडिलांच्या जनुकांचा फायदा मात्र आजच्या पिलाने जास्तीत जास्त घेण्यात असतो, कारण पुढचे पिलू त्याच नराचे असेल याची खात्री नसते. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये घटक २च्या जनुकाचे अंकन नाही, आणि पिशवीत पिले वाढवणाऱ्या ओपोसममध्ये ते आहे, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. पिलू आईच्या शरीरातून थेट अन्न घेऊ लागले तेव्हाच अशा ओढाताणीला कारण निर्माण झाले. अंकन बिघडल्यास माणसातही परिणाम दिसतो : बेकविथ-विडेमान विकारात घटक २ जास्त होऊन बाळ थोराड जन्मते, सिल्व्हर-रसेल विकारात तो कमी पडून बाळ खुरटलेले जन्मते. प्रयोगशाळेत काही दिवस वाढवून मेंढीच्या गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणांपासून कधी कधी अवाजवी मोठी कोकरे जन्मतात, आणि त्यांतही घटक २च्या ग्राहीचे अंकन हरवलेले आढळले आहे.

घटक २ वारेच्या वाढीलाही जबाबदार असतो. उंदरात या जनुकाचा फक्त वारेत चालणारा भाग बंद केला, तर आधी वार लहान राहते. काही दिवस ती आपली कार्यक्षमता वाढवून कमतरता भरून काढते, पण अखेरीस पुरवठा अपुरा पडतो आणि गर्भही मागे राहतो. यावरून गर्भ आणि वार यांच्यातली देवघेव ध्यानात येते. गर्भ मागणी करतो, वार शक्य तेवढी पुरवते, आणि दोघांनाही तोच रेणू निरोप पोहोचवत असतो.

अन्नाची खबर देणारे सर्वांत थेट संप्रेरक म्हणजे इन्शुलिन. प्रौढ शरीरात ते साखर आटोक्यात ठेवते, गर्भात ते वाढ घडवते. आईचे ग्लुकोज वारेतून येते, गर्भाच्या स्वादुपिंडाला ते जाणवते, इन्शुलिन स्रवते, आणि त्याच्या प्रभावाने पेशी ग्लुकोज व अमिनो आम्ले आत घेऊन प्रथिने आणि मेद साठवतात. घटक १ची पातळीही त्यामुळे वर जाते. स्वादुपिंडच तयार न झालेली बाळे दिवस भरूनही निम्म्या वजनाची जन्मतात. मेंढीच्या गर्भातून स्वादुपिंड काढले तर त्याची वाढ अशीच मंदावते आणि बाहेरून इन्शुलिन दिले की पुन्हा वेग घेते.

याची दुसरी बाजू मधुमेही आईच्या बाळात दिसते. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसेन यांनी १९५२ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही पायाभूत मानली जाते. आईची वाढलेली साखर वार ओलांडते, तिचे इन्शुलिन ओलांडत नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडते आणि बाळ गलेलठ्ठ होते. नाळ कापल्यावर साखरेचा ओघ एकदम थांबतो, पण इन्शुलिन उसळलेलेच असते, म्हणून अशा बाळाची साखर जन्मानंतर काही तासांत धोकादायक रीतीने उतरू शकते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार गर्भवतींच्या अभ्यासात आईच्या साखरेबरोबर बाळाचे वजन आणि नाळेच्या रक्तातली इन्शुलिनची खूण पायरीपायरीने चढत गेलेली दिसली. अमुक आकड्याखाली सुरक्षित आणि वर धोका अशी ठसठशीत रेषा तिथे सापडली नाही.

ग्लुकोकायनेज या विकराच्या जनुकातला दोष हा या यंत्रणेचा सर्वांत बोलका पुरावा आहे. या दोषामुळे स्वादुपिंडाला साखर उशिरा जाणवते. १९९८ मध्ये अँड्रयू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांतील बाळांची जन्मवजने पडताळली. दोष फक्त बाळात असेल तर त्याचे इन्शुलिन कमी स्रवते आणि वजन सुमारे ५०० ग्रॅमने घटते. दोष फक्त आईत असेल तर तिची साखर जास्त राहते आणि बाळाचे वजन सुमारे ६०० ग्रॅमने वाढते. दोघांतही असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात आणि वजन सर्वसामान्य राहते. जन्मवजन म्हणजे आईच्या पुरवठ्याला गर्भाच्या संप्रेरकांनी दिलेले उत्तर असते, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

पुरवठाच आटला तर हीच यंत्रणा उलट्या दिशेने काम करते. ग्लुकोज घटते, इन्शुलिन उतरते, त्यापाठोपाठ घटक १ उतरतो आणि कॉर्टिसॉल चढते. पेशींचे विभाजन मंदावते, रक्ताचा ओघ मेंदू आणि हृदयाकडे वळतो, यकृत आणि स्नायू मागे पडतात. म्हणून कुपोषित गर्भाचे डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते. वाढ रोखणे हा इथे जगण्याचा उपाय असतो. दुष्काळात रोपटे नवी पाने काढत नाही, मुळे टिकवते, तसे हे आहे.

अवटू ग्रंथीची संप्रेरके गर्भाचा आकार थोडा आणि घडण पुष्कळ ठरवतात. ती प्राणवायूचा वापर, हाडांची परिपक्वता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेंदूच्या पेशींची जागा व जोडणी यांवर प्रभाव टाकतात. मानवी गर्भाची अवटू ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आयोडीन गोळा करू लागते, पण पुरेसे संप्रेरक तिच्याकडून अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून मिळते. तोवर गर्भ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. वार ते मोजूनमापून आत सोडते. मेंढीच्या गर्भातली ही ग्रंथी काढली तर कोकरू लहान राहते आणि त्याची हाडे अपक्व राहतात. माणसात ही ग्रंथी नसलेले बाळ सहसा पुरेशा वजनाचे जन्मते आणि म्हणूनच त्याचा दोष नजरेला दिसत नाही. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन चाचणी केली आणि लगेच औषध सुरू केले, तर त्याची बुद्धी वाचते.

आईच्या आहारात आयोडीनच नसेल तर आई आणि गर्भ दोघेही या संप्रेरकाला मुकतात. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड आणि जन्मजात मतिमंदत्व पिढ्यान्‌पिढ्या होते ते याच कारणाने. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. त्या मिठाने गलगंडाचे प्रमाण उतरते हे सिद्ध झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गर्भवतीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. चिमटीच्या टोकावरही न दिसणाऱ्या एवढ्याशा क्षारावर एका पिढीची बुद्धी अवलंबून असावी, ही संप्रेरकांच्या जगातली साधी वस्तुस्थिती आहे.

कॉर्टिसॉलचे काम या सर्वांहून निराळे आहे. ते वाढ थांबवते आणि पक्वता आणते. गर्भारपणाचा बराच काळ गर्भात त्याची पातळी खालीच ठेवली जाते, कारण वारेतले एक विकर आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकते. शेवटच्या टप्प्यात गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल सोडू लागतात. त्याच्या प्रभावाने फुप्फुसांत पृष्ठताण कमी करणारा पदार्थ साठतो, यकृतात ग्लायकोजेन जमते, आतडी पचनासाठी सज्ज होतात आणि थायरॉक्सिनचे क्रियाशील रूप वाढते. पेशी आता विभाजन सोडून आपापल्या कामाला लागतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स बाळंतपण कशाने सुरू होते याचा शोध मेंढ्यांमध्ये घेत होते. गर्भाची पोष ग्रंथी किंवा अधिवृक्क ग्रंथी काढल्यास मेंढीचे दिवस लांबतात, आणि गर्भाला कॉर्टिसॉल दिल्यास ती लवकर विते, हे त्यांना दिसले. मेंढीत विण्याची वेळ कोकरूच ठरवते, असा याचा अर्थ झाला. या प्रयोगांत अगदी अपुऱ्या दिवसांचे, श्वास घेऊच शकणार नाही असे वाटलेले कोकरू श्वास घेताना आढळले आणि १९६९ मध्ये लिगिन्स यांनी त्याची नोंद केली. त्यावरून लिगिन्स आणि रॉस होवी यांनी मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या स्त्रियांना बीटामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे औषध देऊन पाहिले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांचा श्वसनविकार आणि मृत्यू दोन्ही घटलेले होते. हा उपचार आज जगभर होतो. त्याला एक मर्यादाही आहे : तो पुन्हा पुन्हा दिल्यास बाळाचे वजन घटते. कॉर्टिसॉलसारख्या द्रव्याकडून पक्वता मिळते, पण त्याची किंमत वाढीतून वसूल होते. माणसात बाळंतपण सुरू होण्याची रीत मेंढीसारखी नाही. मानवी वारेत प्रोजेस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे विकर नसते. म्हणून एका प्राण्यावरून दुसऱ्याबद्दल बोलताना जपून बोलावे लागते.

लिंगभेद घडवणारी संप्रेरके आकारापेक्षा घडणीवर काम करतात. जोस्त यांनी १९४७ मध्ये दाखवले की सशाच्या नर गर्भाचे वृषण वेळेआधी काढले तर त्याची जननमार्गाची घडण मादीसारखी होते. वृषण दोन निरोप पाठवतो : टेस्टोस्टेरॉन नराचे मार्ग घडवते आणि दुसरे एक संप्रेरक मादीचे मार्ग विरून जायला लावते. गाईच्या जुळ्यांत याचे नैसर्गिक उदाहरण मिळते. जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल तर दहापैकी नऊहून अधिक वेळा ती कालवड वांझ निघते. दोघांच्या वारांतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याची संप्रेरके कालवडीपर्यंत पोहोचतात, हा उलगडा फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये केला.

गर्भातल्या या समायोजनाचे पडसाद जन्मानंतरही उमटत राहतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात पडलेल्या उपासमारीचा फटका शेवटच्या तिमाहीत बसलेली बाळे सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. ज्यांना तो सुरुवातीच्या महिन्यांत बसला त्यांचे जन्मवजन बरे होते, तरी पुढे त्यांच्यात स्थूलतेचे आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढलेले आढळले. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकापासून कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला. गर्भाने टंचाईत केलेली काटकसर शरीराच्या घडणीत कायमची उतरते आणि पुढे सुबत्ता आली की ती अंगावर येते, असे या विचाराचे सार आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो इथे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेआधीपासून पाठपुरावा केला. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. फरक मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होता. त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त अशा या बाळांच्या नाळेच्या रक्तात वजनाच्या मानाने इन्शुलिनही जास्त आढळले. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत होत्या त्यांची बाळे अधिक भरलेली होती. भारतात मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावर का गाठतो याचे एक उत्तर या अभ्यासात मिळते, आणि ते उत्तर जन्माच्याही आधीपासून सुरू होते.

जन्माआधीच्या वाढीबद्दल आज जे माहीत आहे ते ससा, उंदीर, मेंढी, घोडा आणि माणूस यांच्या वेगवेगळ्या पुराव्यांतून एकत्र आले आहे. प्रत्येक प्राण्यात संप्रेरकांची वाटणी वेगळी आहे, पण मूळ न्याय एकच दिसतो. जनुके आराखडा देतात, आई साधने पुरवते, वार त्यांची देवघेव सांभाळते आणि संप्रेरके येणाऱ्या साधनांच्या मानाने वाढ बेतून घेतात. गर्भाला थेट अन्न किंवा औषध देण्याची सोय फार थोड्या प्रसंगी असते. त्याच्यापर्यंत जे पोहोचते ते आईच्या रक्तातून पोहोचते. म्हणून लग्नाआधीच्या वयात मुलीच्या ताटात पुरेसे अन्न, घरात आयोडीनचे मीठ, गर्भारपणात साखरेची आणि अवटू ग्रंथीची वेळेवर तपासणी, आणि जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब, एवढ्या गोष्टी प्रत्येक घराने आणि प्रत्येक आरोग्यकेंद्राने कसोशीने पाळाव्यात.